काळी सातेरी, पिवळी सातेरी आणि दक्षिणेतून येणाऱ्या पेट्या

कोयना खोऱ्यातल्या एका तरुण मधपालाचे तीन प्रश्न आहेत. पहिला : घाटात ढोलीत सापडणारी सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणारी आपली देशी मधमाशी एपिस सेराना, काळपट आणि जरा थोराड असते, तर पूर्वेकडच्या कोरड्या माणमध्ये मामाच्या गावी विहिरीच्या कपारीत असते ती पिवळी आणि बारीक, मग या दोन जाती आहेत का? दुसरा : पाच पेट्यांच्या वीस करायच्या आहेत, एक व्यापारी दक्षिणेतून भरलेल्या पेट्या घरपोच द्यायला तयार आहे, त्या घ्याव्यात का? तिसरा : ‘स्थानिक माशी वाचवा’ असं सगळे सांगतात, पण पेटीवाल्याने त्यासाठी नेमकं करायचं काय?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण व्यापारी तुमच्यासाठी थांबणार नाही. त्या पेट्या घेऊ नका. स्वस्तात मिळाल्या तरी नकोत, फुकट मिळाल्या तरी नकोत. का, ते बाकीच्या दोन उत्तरांत येईलच.

आता रंग. तुम्ही माणचं नाव काढलंत म्हणून तिकडच्याच खिलारचं उदाहरण घेतो. खिलार बैलाची पारख रंग, शिंग, खांदा बघून करता येते, कारण वळू कोणता लावायचा हे माणूस ठरवतो. सातेरीच्या राणीचं लग्न आपण लावत नाही. ती पेटीबाहेर पडते, उंच हवेत दहा-पंधरा किंवा त्याहूनही जास्त नरांशी तिचं मीलन होतं, आणि ते नर आसपासच्या कुठल्याही ढोलीतले, कुणाच्याही पेटीतले असू शकतात. म्हणून एका पेटीतल्या कामकरी माशा एका आईच्या पण अनेक बापांच्या. सकाळच्या उन्हात पिल्लांची चौकट उचलून निवांत बघा. पोटावरच्या पट्ट्या स्वच्छ पिवळ्या असलेली एखादी माशी दिसेल आणि तिच्या अंगाला अंग लावून दुसरी जवळजवळ काळी. दोघी बहिणीच.

त्यात हवामानाचा हात असतो. कोषात असताना पिल्लाला गारवा लागला तर माशी गडद निघते, ऊब मिळाली तर फिकट. जपानमधल्या सेराना माशीवर प्रयोग करून हे तपासलेलं आहे. त्यामुळे पेटी तीच, राणी तीच, तरी जानेवारीत निघालेल्या माशा आणि एप्रिलमध्ये निघालेल्या माशा वेगळ्या दिसतात. महाबळेश्वर-पाचगणीकडे हा फरक सहज डोळ्यांत भरतो. शिवाय वय. नुकती निघालेली माशी राखाडी, लवदार दिसते. महिनाभर कारवीच्या जाळीत आणि काटेरी गेळ्यात फिरून आली की अंगावरची लव झडते आणि खालचं काळं कवच चकाकायला लागतं. पेटीच्या दारात बसून रंग बघणारा माणूस बहुतेक वेळा म्हाताऱ्या माशाच मोजत असतो. रंगाला अर्थच नाही असं मी म्हणत नाही. शेकडो वसाहती बघितल्या तर घाटमाथ्यावर गडद आणि पूर्वेला फिकट हा कल खराच आहे. पण एका पेटीच्या रंगावरून तिची जात सांगणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

आकाराचं तसं नाही. आकार मोजता येतो. आपल्या देशात सातेरी दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि सखल भागातून उंचीकडे जावं तशी मोठी होत जाते. दक्षिणेच्या टोकाला कामकरी माशीचा पुढचा पंख साडेसात मिलिमीटरच्या आसपास भरतो, काश्मीर-हिमाचलात साडेआठच्या पुढे जातो. पंख मोठा, जीभ लांब, पोळ्यातलं घरही मोठं. आपला सातारा या मोठ्या चढणीचा छोटा नमुना आहे. महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटर उंच, वर्षाचा पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे. तिथून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर माणमधलं दहिवडी, पाऊस पाचशेच्या घरात. एवढ्या कमी अंतरात एवढा फरक देशात फार थोड्या जिल्ह्यांत सापडेल. तेव्हा तुमच्या आणि तुमच्या मामांच्या माशीत फरक दिसला यात नवल काही नाही. त्यातला रक्तातून आलेला किती आणि परिस्थितीने केलेला किती, हे मात्र नुसत्या नजरेने वेगळं करता येत नाही.

कारण आकारही फसवतो. जुन्या पोळ्यात प्रत्येक पिढी आपल्या कोषाचं पातळ अस्तर मागे ठेवून जाते. घरं आतून आवळत जातात आणि माशी बारीक निघायला लागते. काळंकुट्ट, दोन-तीन वर्षांचं पोळं असेल तर त्यातल्या माशा मोजून काहीही सिद्ध होत नाही. आषाढ-श्रावणात परागाची टंचाई असताना वाढलेली पिल्लंही लहान राहतात. विहिरीच्या कपारीतलं मामांकडचं पोळं किती जुनं होतं आणि तुम्ही ते कोणत्या महिन्यात बघितलं, यावरही तुमचं ‘बारीक’ अवलंबून आहे.

खरंच तपासायचं असेल तर असं करा. त्याच वर्षी बांधलेलं पोळं निवडा. पिल्लांच्या चौकटीवरून, दारातून नव्हे, वीस-तीस तरुण कामकरी माशा घ्या. दारातल्या माशांत दुसऱ्या पेटीतून चुकून आलेल्या असतात. माशा सत्तर टक्के अल्कोहोलच्या बाटलीत टाका. आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी : गाव, उंची, तारीख, पेटी की ढोली. पेननं लिहू नका, अल्कोहोलमध्ये शाई विरघळते. नंतर बारीक चिमट्याने उजवा पुढचा पंख बुडापासून सोडवा, दोन काचपट्ट्यांमध्ये सपाट ठेवा, कडा चिकटपट्टीने बंद करा आणि ऑफिसातल्या साध्या स्कॅनरवर 2400 डीपीआयला स्कॅन करा. लांबी कॉम्प्युटरवर मोजता येते. लांबीपेक्षा मोलाची शिरांची मापं. पुढच्या पंखाच्या मध्यावर एक शीर दुसऱ्या शिरेला येऊन मिळते आणि तिचे दोन असमान तुकडे करते. मोठ्या तुकड्याला लहानाने भागलं की जो आकडा येतो त्याला क्युबिटल इंडेक्स म्हणतात. जुन्या पोळ्यामुळे किंवा उपासमारीमुळे पंख आखूड होतो, पण हे गुणोत्तर त्या मानाने फारसं हलत नाही, म्हणून जगभर वसाहतींची तुलना करताना ते वापरतात.

सातेरी आणि बाहेरून आलेली युरोपियन माशी मेलिफेरा वेगळी करायला मात्र एवढी खटपट लागत नाही. सातेरीच्या मागच्या पंखावर एका शिरेचा छोटा तुकडा पुढे आलेला असतो, मेलिफेराला तो नसतो. सातेरीच्या पोटावर लवेचे चार पट्टे, मेलिफेराला तीन. आणि दारात पंख्याचं काम करणारी माशी बघा : सातेरीचं डोकं पेटीच्या बाहेरच्या बाजूला असतं, मेलिफेराचं आत दाराकडे. दोन जाती खरोखर वेगळ्या असल्या की त्या इतक्या स्पष्ट बोलतात. काळ्या आणि पिवळ्या सातेरीत असं एकही पक्कं लक्षण आपल्या भागात मला सापडलेलं नाही.

मग दोन जाती की एक? शास्त्रज्ञांतही हा वाद मिटलेला नाही आणि तो बराच जुना आहे. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशिअसने 1793 मध्ये एपिस सेराना हे नाव दिलं, त्यानेच 1798 मध्ये भारतातल्या माशीला एपिस इंडिका म्हटलं, आणि पुढे बराच काळ इंडिका ही सेरानाची पोटजात धरली गेली. गेल्या काही दशकांत पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए तपासता यायला लागला, तेव्हा द्वीपकल्पातल्या ‘डोंगरी काळ्या’ आणि ‘मैदानी पिवळ्या’ माशांच्या आईकडच्या वंशरेषा वेगवेगळ्या निघाल्या. दक्षिण भारतात तर दोघींचे नर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी उडतात अशा नोंदी आहेत. नरांच्या वेळाच जुळत नसतील तर संकर कमी होणार हे उघड आहे. 2022 मध्ये केरळातल्या संशोधकांनी पश्चिम घाटातल्या काळ्या माशीला एपिस करिंजोडियन या नावाने स्वतंत्र जात म्हणून मांडलं. तेव्हापासून आपल्याकडचे काही हौशी मधपाल घाटातल्या प्रत्येक काळ्या पेटीवर हे नाव लिहायला लागलेत. त्या संशोधकांनी जातीचा पट्टा सांगितलाय तो गोव्यापासून दक्षिणेकडचा आणि त्यांची मांडणी सर्वांनी मान्य केलेली नाही. कोयनेची काळी माशी त्यात बसते का, हे आपल्याकडच्या माशा मोजल्याशिवाय आणि डीएनए बघितल्याशिवाय कुणी सांगू नये. तोवर डोंगरी सातेरी म्हणा, पुरेसं आहे.

पण मला विचाराल तर नावाच्या या भानगडीत मधपालाच्या कामाची गोष्ट झाकली जाते. खरा फरक रंगापेक्षा वेळापत्रकात आहे. घाटात आणि माणदेशात माशीचं वर्ष अगदी उलटं चालतं. तुमच्याकडे पावसाळा उतरला की पठारावर सोनकी, मग हिवाळा थोडा मंद, आणि फेब्रुवारीपासून पिसा, गेळा, अंजन, जांभूळ, हिरडा असा एकामागून एक बहर. दर आठ वर्षांनी कारवी फुलते ते वर्ष वेगळंच. टंचाई कधी? जून ते ऑगस्ट, जेव्हा आठ-आठ दिवस माशीला बाहेर पडता येत नाही. माणदेशात नेमकी तेव्हा चंगळ : बाजरीचा पराग, तीळ, कारळं, कुठे कुठे सूर्यफूल, पुढे तूर, मग करडई, धने, बियाण्याचा कांदा, शेवगा, बाभूळ. तिथे माशी मरते ती एप्रिल-मेच्या रखरखाटात.

म्हणजे घाटातल्या राणीने मृगाच्या तोंडावर अंडी आवरती घेतली तर तिची वसाहत जगते. माणमधल्या राणीने तेव्हा अंडी वाढवली तर तिची. हे वेळापत्रक वसाहत दरवर्षी नव्याने शिकत नाही, त्याचा मोठा भाग रक्तातून येतो. फ्रान्समध्ये मेलिफेरावर याचा प्रसिद्ध प्रयोग झालाय. लांद नावाच्या भागातल्या वसाहती पॅरिसजवळ नेल्या आणि पॅरिसकडच्या लांदला आणल्या. जागा बदलली तरी पिल्लं वाढवायचा हंगाम त्यांनी आपापल्या मूळ गावचाच ठेवला. आपल्याकडे असा प्रयोग झाला नसला तरी पूर्वेकडच्या पठारावरून घाटात आणलेल्या पेट्या मी पहिल्या पावसात कशा वागतात ते बघत आलोय. बाहेर धो-धो पाऊस आणि आत चौकटभर पिल्लं. साठा जुलैतच संपतो, मग पाकावर जगवायच्या, आणि तरीही बऱ्याच पेट्या उघडीप मिळाली की घर सोडून जातात. मधपाल म्हणतो माशी वाईट निघाली. माशी चांगलीच होती, फक्त तिचं पंचांग वेगळं होतं.

तुमच्या व्यापाऱ्याच्या पेट्यांवर माझा पहिला आक्षेप हा. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, तो म्हणजे थाई सॅकब्रूड. हा विषाणू 1976 मध्ये थायलंडमध्ये आढळला, 1978 च्या सुमारास ईशान्य भारतात दिसला आणि 1991-92 मध्ये दक्षिणेत असा पसरला की काही भागांत दहातल्या नऊ पेट्या रिकाम्या झाल्या. केरळ, कोडगू, तमिळनाडूतले कित्येक मधपाल त्या दोन वर्षांत धंद्यातून उठले. लक्षण ओळखून ठेवा : घर बंद होण्याच्या सुमाराला पिल्लू पाठीवर ताठ पडून मरतं, डोकं किंचित वर उचललेलं. चिमट्याने अलगद बाहेर काढलंत तर कातडी फाटत नाही आणि आत पाणी साठलेलं दिसतं. औषध नाही. राणी काही दिवस कोंडून पिल्लांची साखळी तोडायची, जुनी पोळी काढायची, जवळपास कुणी पेट्या देऊ-घेऊ नयेत म्हणून हात जोडायचे, इतकंच. भरलेली पेटी दुरून येते तेव्हा माशा ठणठणीत दिसत असतात. विषाणू मोठ्या माशीला मारत नाही, तिच्यातून पिल्लांपर्यंत जातो. गाडी उतरवून घेताना तुम्हाला काहीच कळणार नाही. कळेल दोन महिन्यांनी, आणि तोवर खोऱ्यातल्या ढोल्यांपर्यंत तो पोहोचलेला असेल.

त्याच साथीत आणखी एक गोष्ट दिसली. दक्षिणेत सातेरी परत वर आली ती साथीतून तगलेल्या वसाहतींच्या जोरावर, आणि त्यातल्या बऱ्याच जंगलातल्या होत्या. कुठल्या वसाहतीत ती ताकद असेल हे आधी कुणालाच सांगता आलं नसतं. काळी होती म्हणून तगली, मोठी होती म्हणून तगली, असं काही नाही. वसाहती भरपूर होत्या आणि एकमेकींपासून वेगळ्या होत्या, म्हणून काही तगल्या. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. ‘शुद्ध काळी सातेरी’ निवडून तिच्या पेट्या भरायच्या याला मी संवर्धन म्हणणार नाही. तुमच्या खोऱ्यात मोकळेपणी एकमेकींत मिसळणाऱ्या वसाहती जास्तीत जास्त राहतील, आणि त्यात बाहेरचं येऊन मिसळणार नाही, एवढं बघायचं.

आकडा का महत्त्वाचा, ते पोळ्यावरच दिसतं. मधमाशीत नर की मादी हे एका जनुकावर ठरतं. त्या जनुकाच्या दोन वेगळ्या प्रती मिळाल्या तर फलित अंड्यातून मादी होते. राणीचा नातेवाईक नराशी संयोग झाला आणि दोन्हीकडून एकच प्रत आली, तर त्या अंड्यातून निरुपयोगी नर तयार होतो आणि कामकरी माशा त्याला काही तासांतच खाऊन टाकतात. घर रिकामं पडतं. म्हणून नुकत्याच बंद केलेल्या पिल्लांच्या पट्ट्यात दहा बाय दहा, शंभर घरांचा तुकडा निवडा आणि रिकामी घरं मोजा. पाच-दहा असली तर काळजी नाही. वीस-पंचवीसच्या पुढे गेली, शिवाय मेलेली किंवा कुजकी पिल्लं दिसत नसतील, तर रोगाआधी नात्यागोत्याचा संशय घ्या. एका ‘चांगल्या’ पेटीपासून गावभर पेट्या केल्या की तीन-चार वर्षांत हे चित्र दिसायला लागतं. माणूस मग पाक वाढवतो, औषधं टाकतो, आणि दोष भलतीकडेच राहतो.

तेव्हा पाचाच्या वीस कशा करायच्या ते सांगतो. घाई नको, दोन हंगाम लागू द्या. जानेवारीअखेर रिकाम्या ए-टाइप (सातेरीसाठीच्या छोट्या मापाच्या) पेट्यांना आतून जुनं मेण चोळून झाडावर, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा ठेवा. फेब्रुवारी ते एप्रिल वसाहती फुटायचा काळ, आपल्याच खोऱ्यातले थवे येऊन बसतात. जे येतील ते वेगवेगळ्या आयांचे असतात, हाच फायदा. विभागणी करायची तर पाचही पेट्यांची करा, एकट्या सर्वांत जास्त मध देणारीची नको. ढोलीतलं मोहोळ काढायचंच असेल तर बुंधा फोडू नका. फांदी तोडून ढोली उघडली की ती जागा पुढच्या वीस वर्षांसाठी गेली. पोळी कापून पिल्लांचा भाग तेवढा चौकटीत केळीच्या सोपटाने बांधायचा, राणी आत आली की दाराला चार-पाच दिवस राणीफाटक, म्हणजे कामकरी जातील पण राणी जाणार नाही अशी जाळी, लावायचं. आणि प्रत्येक मोहोळ काढायचंच असंही नाही. रस्त्यासाठी किंवा बांधकामासाठी झाड पडणार असेल, घराच्या भिंतीतून हलवायचं असेल, ते घ्या. बाकीची राहू द्यात, तुमच्या राण्यांना नर तिथूनच मिळतात. तुमचं गाव कोयना अभयारण्याला लागून असेल तर हद्दीच्या आत हात लावू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय तिथून काही काढता येत नाही.

मेणपत्र्याबद्दल, म्हणजे पोळं बांधायला चौकटीत आधार म्हणून देतात त्या घरांचे ठसे असलेल्या मेणाच्या पत्र्याबद्दल, एक बारीक पण खर्चिक गोष्ट. बाजारात मिळणारा मेणपत्रा कुठल्या मापाच्या साच्यावर काढलाय हे विचारून घ्या. आपली सातेरी साधारण सव्वाचार ते साडेचार मिलिमीटरच्या आसपास घर बांधते, हिमालयातली पाचाच्या जवळ जाते, मेलिफेराचं साडेपाचाच्या जवळ. स्वतःच्या माशीचं माप काढायला मेणपत्र्याशिवाय बांधलेलं पोळं घ्या, कामकरी माशीच्या दहा घरांवर पट्टी ठेवा, तिन्ही दिशांनी मोजा आणि सरासरीला दहाने भागा. माप जुळत नसेल तर माशी घरं वेडीवाकडी ओढते, नरांची घरं नको तिथे काढते किंवा पत्रा कुरतडून टाकते. लोक म्हणतात सातेरी पत्रा घेत नाही. जुळणारा पत्रा ती दोन दिवसांत ओढते.

नरांची घरं दिसली की सुरी घेऊन धावायची खोड सोडा. नर मध खातात हे खरं, पण खोऱ्यातल्या सगळ्या मधपालांनी नर कापले तर तुमच्या कोवळ्या राण्यांना मिळणार कोण? नराच्या बंद घराचं टोपण नीट बघा : उंचट, आणि मधोमध सुईने टोचल्यासारखं भोक. मेलिफेरात हे दिसत नाही. व्हरोआ गोचीड मूळची सातेरीवरची, तिचा आणि सातेरीचा हिशोब फार जुना आहे. ती कामकरी माशीच्या घरात फारशी वाढू शकत नाही, नरांच्या घरांत वाढते. माशा एकमेकींच्या अंगावरून गोचीड काढून टाकतात आणि गोचिडीने पोखरलेला अशक्त नर टोपण फोडू शकला नाही तर त्याला गोचिडीसकट आतच राहू देतात. म्हणून सातेरीच्या पेटीत गोचिडीसाठी औषधी पट्ट्या लावायची गरज नसते. विकायला आलेल्याला तसं सांगा.

मेलिफेराला मी शत्रू मानत नाही. 1960 च्या दशकात ती उत्तर भारतात नीट स्थिरावली आणि आज आटपाडी-सांगोल्याच्या डाळिंबात, तेलबियांत तिचं काम आहे. एका पेटीतून ती जेवढा मध देते तेवढा आपल्या सातेरीच्या चार-पाच पेट्या मिळून देतात, हेही मान्य. पण जांभळाच्या बहरात ट्रकभर मेलिफेरा घाटात आणून लावल्या की दोन गोष्टी होतात. बहर ओसरला की त्या सातेरीच्या पेट्या लुटतात आणि दुबळ्या वसाहती पळून जातात. दुसरी कमी दिसते. दोघींच्या राण्यांचा वास नरांना सारखाच ओढतो, त्यामुळे चुकीची मीलनं होतात आणि ती वाया जातात, कारण दोन्हींचा संकर जगत नाही. ग्रामसभेत ठराव करून बहराच्या काळात अशा पेट्या खोऱ्याबाहेर ठेवायला सांगता येतं. महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला मे 2022 मध्ये ‘मधाचं गाव’ जाहीर केलं तेव्हापासून गावपातळीवर असा विचार करायला लोक तयार व्हायला लागलेत. महाबळेश्वरचं मध संचालनालय त्याच तालुक्यात आहे, प्रशिक्षण आणि पेटी दोन्हींसाठी तिथे जा.

जंगलाबद्दल थोडक्यात, कारण तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त दिसतं. फेब्रुवारी-मार्चच्या वणव्यात ढोल्या आणि वारुळं दोन्ही जातात आणि सातेरी दोन्हींत राहते. ज्या वर्षी कारवी फुलून बी पडतं आणि झाडं वाळतात, त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिथे आग लागू देऊ नका. नवी रोपं त्याच बियांतून यायची असतात. जुना आंबा, उंबर, जांभूळ पोकळ झाला म्हणजे निकामी झाला असं नाही. पूर्वेकडच्या शेतकऱ्यांना सांगायचं ते एवढंच की फवारणी संध्याकाळी, फुलोऱ्यात शक्यतो नाहीच. तासगावकडे द्राक्षाला माशी फारशी लागत नाही म्हणून फवारताना तिचा विचार होत नाही, पण बांधावरची फुलं आणि शेजारचा शेवगा त्याच फवाऱ्यात भिजतो.

आणि मध काढताना पावसाळ्याचा वाटा ठेवा. हिरड्याचा शेवटचा मध मी सहसा काढत नाही. तेवढ्याने सातेरी आषाढ निभावते आणि पाकाच्या साखरेचे पैसे वाचतात. वर्षाला पेटीमागे पाच-सात किलोवर समाधान मानायला लागेल हे आत्ताच सांगून ठेवतो.

मामांना तिकडची माशी मोजायला सांगा. तुम्ही तुमची मोजा. एक नमुना कोयनेचा, एक साताऱ्याच्या आसपासचा, एक पुसेगावचा, एक दहिवडीचा, शक्य झालं तर शिराळ्याकडून चांदोलीलगतचाही. सगळे एकाच महिन्यात घ्या. सोनकीचा बहर संपत आल्यावर, ऑक्टोबरअखेर घेतलेले बरे, तेव्हा दोन्हीकडे नव्या पोळ्यातल्या माशा मिळतात. बाटल्यांवर झाकण घट्ट लावा आणि पंख सोडवताना पंखा बंद ठेवा.